कांदिवली ते कांदिवली, एका लोकरी कापडापायी

ये गं नलू, पत्रातच का होईना, अशी जवळ सरक. लांबून ऐकण्यातली ही गोष्ट नाही, आणि मला हल्ली मोठ्याने बोललं की खोकला येतो. पण आधी तुला चार शब्द सुनावते, मग पुढचं. सहा वर्षं झाली, तू कणकवलीहून इकडे फिरकली नाहीस. मी गणपतीत न चुकता तिकडे येते, तुझ्या हातच्या करंज्या खाते, आणि तू मात्र फोनवर म्हणतेस, ताई, तुझ्या त्या कांदिवलीत बघण्यासारखं आहे काय, नुसत्या बिल्डिंगा. धाकटी म्हणून ऐकून घेतलं, पण मनाला लागलं हो.

म्हणून हे लिहून काढलंय. तुझ्यासाठी, आणि प्रवास म्हणजे काशी नाहीतर केरळ असं ज्यांना वाटतं त्या सगळ्यांसाठी. मी चार दिवस प्रवास केला आणि मुंबईबाहेर पाऊल टाकलं नाही. कांदिवलीहून निघाले, कांदिवलीलाच परत आले. मध्ये घाटकोपर, मुलुंड, अंधेरी. पिशवीत पाण्याची बाटली, गुडघ्याचा पट्टा आणि एक मोरपंखी लोकरी कापडाचा तुकडा.

सोमवार, घरीच

आमची शिवणाची खोली तू पाहिली आहेस. कांदिवलीतच, आकुर्लीच्या चाळीतली, पाच मशिनींची. तीस वर्षं आम्ही तिथे बसच्या सीटची कव्हरं शिवतो. मला कोणी शिकवलं नाही. एक फाटकं कव्हर आणलं, टाका टाका उसवला, तुकडे जमिनीवर मांडले आणि तसेच कापून परत शिवले, तीच माझी शाळा. रेक्झीन मला इतकं ओळखीचं की डोळे मिटून कापीन.

पण आता बसमध्ये प्लास्टिकची सीटं आली. साच्यातून काढायची आणि बोल्टने ठोकायची, त्यांना कव्हर कशाला लागतंय. पाचातल्या तीन मशिनींवर आम्ही जुन्या चादरी घालून ठेवल्या होत्या. माझी सून माधुरी सगळं बघते. ती फार बोलत नाही, पण दिवाळीनंतर एकदा म्हणाली होती, "आई, अजून एक चांगलं काम नाही आलं, तर मशिनी विकू आणि मी कुठे नोकरी बघते." मी हो म्हटलं आणि देवापाशी जाऊन बसले.

मग तिनेच हे काम आणलं. अंधेरीला औद्योगिक वसाहतीत ग्रेगरी म्हणून एक गृहस्थ बसच्या बॉड्या बांधतात. म्हाताऱ्या माणसांच्या सहली नेणाऱ्या एकाने त्यांच्याकडे वीस सीटांची एसी बस सांगितली होती. एसी लागला की रेक्झीन बर्फासारखं गार पडतं, बंद केला की घामाने चिकटतं, अशी त्या सहलीवाल्याच्या म्हाताऱ्यांची कुरकुर. म्हणून त्याला हवं होतं लोकरी कापड. परदेशात गाड्यांना आणि बसना घालतात तसं, मखमलीसारखी बारीक उभी लव असलेलं आणि मागून रबराचा लेप दिलेलं. तू म्हणशील, मुंबईच्या उकाड्यात लोकर. मीही तेच म्हटलं. पण हात लावलास तर कळेल. गरम नाही गं, नुसतं ऊबदार. आपल्या मनीमाऊच्या पाठीसारखं.

ही बस पास झाली तर पुढच्या बसचं काम आपल्याला, असं ठरलं. कापड मोजून आलेलं. आणि इथे माझ्या हुशारीने घात केला.

बैठकीचा तुकडा मागे अरुंद आणि पुढे रुंद असतो. रेक्झीनचं आम्ही काय करतो, एक तुकडा सुलटा मांडायचा, शेजारी दुसरा उलटा, म्हणजे एकमेकांत बसतात आणि कापड वाचतं. तीस वर्षांची सवय. मी तसंच मांडलं, तसंच कापलं, आणि हातभर कापड उरलं ते माधुरीला मिरवून दाखवलं. पाठीचे तुकडे सरळ चौकोनी, ते कसेही फिरवता येतात. बैठकीचे नाही.

सोमवारी पहिल्या दोन बैठका चढवून खिडकीपाशी ठेवल्या. एक मोरपंखी दिसत होती आणि दुसरी वांग्यासारखी काळपट. एकाच ठाणातलं कापड. माधुरीने दोन्हींवरून हात फिरवला. एकीची लव गुडघ्यांकडे झुकलेली, दुसरीची पाठीकडे. रेक्झीनला लव नसते, म्हणून मला कधी हा विचारच करावा लागला नव्हता.

"आई, निम्म्या उलट्या कापल्यात," ती म्हणाली. रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. शुक्रवारी सहलीवाला बस बघायला येणार होता. दहा बैठका बरोबर, दहा चुकलेल्या. मी त्या उरलेल्या हातभर कापडाचा तुकडा पिशवीत घातला आणि म्हटलं, उद्या मी कापड शोधून आणते, तोवर अंधेरीला काही बोलू नकोस.

मंगळवार, घाटकोपर

आकुर्लीला मेट्रोत बसले. सकाळी दहानंतर जागा मिळते. गुळगुळीत कडक बाकं आणि माझी नायलॉनची साडी. गाडी स्टेशनात शिरताना मी सरकत सरकत शेजारच्या कॉलेजच्या मुलीला जाऊन भिडले. ती म्हणाली, आजी, बसा नीट, मी आहे. मी म्हटलं, मी बसलेलीच आहे बाळा, बाकडं बसू देत नाही. दोघी हसलो. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

गुंदवलीला उतरून पुलावरून दुसऱ्या मेट्रोत, की आलं घाटकोपर. आपल्या पश्चिमेच्या लोकांना पूर्वेला जायचं म्हणजे परगावी गेल्यासारखं वाटतं. सोफ्याच्या कापडांची दुकानं पालथी घातली. सगळीकडे मखमल होती, लोकर कुठेच नव्हती. शेवटी एक वयस्कर गुजराती दुकानदार भेटले, जिग्नेशभाई. त्यांनी माझा तुकडा नाकाला लावला, मग त्यातला एक धागा उपसून काडेपेटी काढली. धागा पेटला, लगेच विझला, केस जळल्याचा वास सुटला आणि बोटांत चुरगळून राख झाली. मग त्यांच्या दुकानातल्या मखमलीचा धागा पेटवला. तो वितळला आणि त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा कडक मणी झाला.

"हे बघा मावशी," ते म्हणाले, "माझा माल अंगाला चिकटून जळणार. तुमचा आपणहून विझणार. बसमध्ये हेच पाहिजे. पण हे माझ्याकडे नाही आणि आख्ख्या घाटकोपरमध्ये कोणाकडे नाही."

दोन गिऱ्हाइकं वासाने नाक दाबून निघून गेली, तरी त्यांनी मला चहा पाजला, वर खाकरा दिला. रेल्वेच्या कारखान्यात गाद्या बसवणारे एक म्हातारे मुलुंडला राहतात, पूर्वी दोरा इथूनच नेत, त्यांना एकदा विचारा, असं म्हणून त्यांनी पत्ता लिहून दिला.

परतताना खाऊगल्लीत डोसा खाल्ला. डोशावर बटाटा, बीट, चीज आणि वर शेव. आपल्या घावण्याला बघून हा डोसा रडला असता, का घावणा डोशाला बघून, ते ठरेना. पण खाल्ला सगळा. घरी माधुरीने दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं आणि ताट वाढलं.

बुधवार, मुलुंड

मुलुंड मला आवडलं. झाडं आहेत, रस्त्यावर बसायला बाकं आहेत, आणि माणसं पत्ता विचारला तर थांबून सांगतात. आमच्याकडे चालता चालता सांगतात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. प्रत्येक जिन्यावर टेकत टेकत पोचले.

परब मास्तर चौऱ्याऐंशीचे आहेत. मूळचे मालवणचे. रेल्वेच्या कारखान्यात गाद्या आणि सीटा बसवणाऱ्याला ट्रिमर म्हणतात, ते त्यांनी जन्मभर केलं. दारातच विचारलं, "खयसून इलंस गो?" मी म्हटलं, आत्ता कांदिवलीसून, मूळची कणकवली. झालं. सुनेला हाक मारून गुळाचं, आल्याचं खाजं काढायला लावलं आणि मला पंख्याखालची खुर्ची दिली.

तुकडा हातात दिला तर त्यांनी डोळेच मिटले. बोटांनी लव एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने चाचपली. साहेब लोकांच्या खास डब्याला असं कापड असायचं म्हणाले, किती वर्षांनी हाताला लागलं. मग नियम सांगितला. पाठीची लव खाली, बैठकीची लव गुडघ्यांकडे. म्हणजे धूळ झटकली जाते, उठताना कपडा अडकत नाही, आणि कापड टिकतं.

मी माझी चूक सांगितली. वाफ दिली तर लव फिरेल का, असं विचारलं. त्याच आशेने तर मी तीन जिने चढले होते.

"वाफेन लव उभी ऱ्हवता. उलटी फिराची नाय," ते म्हणाले. मग खाज्याचा एक तुकडा तोंडात टाकला. त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या सुनेलाही नवं होतं. नोकरीत लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी एक बैठक अशीच उलटी कापली होती. अंधारातल्या कोपऱ्यात बसवली आणि कोणाला बोलले नाहीत. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण तो डबा दुरुस्तीला आला की ते दुसऱ्या बाजूने जायचे. "चूक आसा ती आसा. तू सांगून टाक बाय," ते म्हणाले. "मी नाय सांगलंय, म्हणान अजून तो डबो माका दिसता."

नवं कापड मिळणार नाही, जुनं फिरणार नाही. मी खाली उतरले. माधुरीला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत बंद केला.

बोरिवलीकडे जाणारी बस मिळाली. एसी बस, प्लास्टिकची सीट. गारठा असा की हाडात शिरला. मी काय केलं, पिशवीतला तो लोकरी तुकडा काढला आणि सीटवर अंथरून त्यावर बसले. मागच्या रबराच्या लेपामुळे तो प्लास्टिकला छान धरून राहिला. ऊब आली तसं जरा बरं वाटलं.

पवईच्या तलावापाशी ड्रायव्हरने कच्चकन ब्रेक मारला. सगळी बस पुढे झुकली. माझ्या पुढची बाई सीटवरून निम्मी घसरली. आणि नलू, मी होते तिथेच होते. हातात पिशवी, दांडा धरलेला नाही, तीच नायलॉनची साडी.

मला वाटलं योगायोग असेल. उठले, तुकडा फिरवला, लव गुडघ्यांकडे केली आणि परत बसले. पुढच्या सिग्नलला सरकले की. पुन्हा फिरवला. नाही सरकले. कंडक्टर बघत होता. म्हणाला, आजी, गादी घरून आणलीत, आता उद्या उशीही आणा. शेजारी एक भाजीच्या पिशव्या घेतलेली, माझ्या दुप्पट अंगाची बाई होती. तिला मी म्हटलं, जरा तुम्ही बसून बघता का. ती आधी बिचकली. मग जोगेश्वरीपर्यंत आम्ही दोघींनी तो तुकडा दहा वेळा उलटासुलटा केला असेल. उतरताना ती म्हणाली, "मावशी, उलटा आहे तोच खरा. मला दांडा धरावा लागला नाही."

म्हणजे बघ. गुडघ्यांकडे झुकलेल्या लवेवरून माणूस पुढे घसरतं, कारण लव त्याच दिशेने जाते. पाठीकडे झुकलेली लव पुढे जाऊ देत नाही, धरून ठेवते. आणि ही बस कोणासाठी होती, तर घाटातून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. मी कांदिवलीला हायवेवर उतरले ती जवळजवळ धावतच.

गुरुवार, अंधेरी

माधुरीने सगळं ऐकलं, स्वतः दोन्ही बैठकांवर बसून पाहिलं, आणि म्हणाली, चांगलं आहे आई, पण ही सबब वाटेल. मी म्हटलं, म्हणून आधी चूक सांगायची, मग हे. परब मास्तरांचा डबा मला रात्रभर दिसला होता.

ग्रेगरीभाऊ मरोळचे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातले. मराठी आपल्यासारखीच बोलतात, फक्त जास्त रोखठोक. शेडमध्ये पत्रा कापायचा आवाज, रंगाचा वास, आणि मधोमध ती बस, अजून सीटांवाचून रिकामी. त्यांच्या घरून फुगे आले होते, मैद्याच्या गोड तळलेल्या गोळ्यांसारखे असतात, हाताला गरम गरम. मी म्हटलं, आधी बोलते मग खाते. सांगितलं सगळं. रेक्झीनची सवय, हातभर वाचवलेलं कापड, दहा उलट्या बैठका.

त्यांनी फुग्यांचा डबा बाजूला सारला. "मावशी, उद्या माणूस येतोय आणि तुम्ही आज सांगता?"

माधुरी पुढे झाली. माझी सून इतकं सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. म्हणाली, भाऊ, सोमवारी सांगितलं असतं तर फक्त चूक सांगितली असती. आज उपाय घेऊन आलोय. सीटं लावू द्या आणि ब्रेक मारून बघा. नाही पटलं तर आम्ही दोघी उठून जातो, पुढचं काम मागत नाही.

सुलटी कव्हरं माधुरीने आधीच शिवली होती, उलटी आम्ही दोघींनी रात्रीत पुरी केली होती; दुपारपर्यंत त्यांच्या माणसांनी ती चढवून सीटं बसवली. डाव्या बाजूला दहा उलट्या, उजव्या बाजूला दहा सुलट्या. दारातून पाहिलं तर डावी रांग काळपट, उजवी मोरपंखी. ग्रेगरीभाऊ मागे जाऊन उभे राहिले तर सगळी अदलाबदल, डावी मोरपंखी आणि उजवी काळपट. ते पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले. मग तिसऱ्यांदाही गेले.

मग स्वतः गाडी चालवली. वसाहतीच्या रस्त्यांवर, मोकळा रस्ता बघून मुद्दाम ब्रेक. मी उजवीकडे, माधुरी डावीकडे. मी तीनदा सरकले, तिसऱ्यांदा चप्पल पायातून निघून ड्रायव्हरपाशी गेली. माधुरी मांडीवर हात ठेवून बसलेली. गाडी थांबवून त्यांनी माझी चप्पल आणून दिली. म्हणाले, फुगे गार झाले, खा आता. उद्या मी त्याला काही सांगणार नाही, काय सांगायचं ते तुम्ही सांगा, पण फेरी झाल्यावर.

शुक्रवार, अंधेरीच

सहलीवाला आला तो आईला घेऊन. पंच्याहत्तरीच्या असतील, काठी, कडक इस्त्रीची साडी. त्या उजवीकडे खिडकीपाशी बसल्या, मुलगा डावीकडे. आम्ही मागे. माधुरीचा हात माझ्या हातात होता.

एक फेरी झाली. आजी दोनदा पुढच्या सीटला धरून सावरल्या. मुलगा आरामात फोन बघत होता. दुसऱ्या फेरीआधी आजी उठल्या आणि काठीने मुलाच्या गुडघ्याला टोचलं. "ऊठ. तू तिकडे बस." तो म्हणाला, आई, सीटं सारखीच आहेत. तरी आजींनी जागा बदलून घेतली आणि दुसरी फेरी झाली. गाडी थांबली, तेव्हा त्यांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. म्हणाल्या, "सारखी नाहीत. इथे धरून राहावं लागत नाही."

मग मी पुढे जाऊन सगळं सांगितलं. चूकही, आणि परब मास्तरांचा नियमही, की उलट्या लवेचं कापड कदाचित लवकर झिजेल आणि उठताना साडी किंचित अडेल. लपवायचं काही ठेवलं नाही. सहलीवाल्याने आईकडे पाहिलं. म्हणाला, हा हंगाम ही बस अशीच चालवून बघू, झीज कुठल्या बाजूला किती होते ते कळेल. पण पुढची बस थांबवायची नाही, तिच्या सगळ्या बैठका डाव्या बाजूसारख्या करा.

ग्रेगरीभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, आता मुद्दाम उलटं कापा. आणि कापड वाचवू नका."

घरी आल्यावर माधुरी चहा टाकायला गेली नाही. सरळ खोलीत गेली, तिन्ही मशिनींवरच्या चादरी काढल्या, झटकल्या, आणि तेलाची कुपी घेऊन बसली. मी दारातच उभी राहिले. मशिनी विकायचं तिने परत काढलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

हंगाम संपल्यावर काय दिसेल ते मला आज माहीत नाही. झिजलं तर झिजलं, दुसरं काही शोधू. आता मला बस कुठे घ्यायची, पूर्वेला कसं जायचं, सगळं पाठ झालंय.

तो पिशवीतला तुकडा मी परब मास्तरांना नेऊन दिला. खुर्चीवर घालून बसतात. त्यांना एकदा त्या बसमध्ये बसवायचं माझ्या मनात आहे. ग्रेगरीभाऊ म्हणाले, गाडी शेडमध्ये आली की कधीही या. पण तीन जिने उतरवायला मास्तरांना एका बाजूने मी पुरणार नाही, दुसऱ्या बाजूला कोणीतरी मालवणी बोलणारं हवं. माधुरी मुंबईची, तिला ते जमत नाही.

तर नलू, आता कारणं सांगू नकोस. पावसाच्या आत ये. येताना कुळथाचं पीठ आण, आणि मास्तरांसाठी मालवणचं खाजं, मुलुंडचं त्यांना तितकंसं पटत नाही. तिघं मिळून जाऊ. तू डाव्या बाजूला बस, खिडकीपाशी, आणि ब्रेक लागला तरी हात मांडीवरच राहू दे.